शेतकऱ्याच्या प्रश्नाला एक रकाना द्या

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, कृषी आयुक्तालय, पुणे



मी कृषी पदवीधर आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मराठवाड्यातल्या एका तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मी प्रशिक्षणार्थी होते. पेरणीच्या आधीच्या बियाणं तपासणीपासून अतिवृष्टीच्या पंचनाम्यांपर्यंत एक अख्खा खरीप मला त्या कार्यालयातून बघायला मिळाला. जे पाहिलं त्यावरून आपल्याकडे एकच मागणी करायची आहे. शेतकरी आपल्या खात्याच्या माणसांना जे प्रश्न विचारतात, ते लिहून ठेवण्याची सोय करा. हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण हा विषय एका तालुक्यापुरता नाही.

कार्यालयात लिहिणं काही कमी नाही. सकाळी आवक टपाल नोंदवायचं. मग महाडीबीटी पोर्टलवर आलेले अर्ज, त्यांची कागदपत्रं, त्रुटी असेल तर शेतकऱ्याला फोन. पूर्वसंमती दिलेल्यांनी खरेदी केली का, बिल टाकलं का, मोका तपासणी झाली का, याची यादी. पीएम किसानचा हप्ता अडकलेल्यांची ई-केवायसी. १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हापासून ज्यांचा निघाला नाही त्यांची वेगळी यादी. दुपारी जिल्ह्याहून व्हॉट्सॲपवर एखादं विहित नमुन्यातलं प्रपत्र येतं, ते संध्याकाळच्या आत भरून पाठवायचं. यातलं बरंचसं काम मी केलं आणि त्याची मला तक्रार नाही. ठिबकचं अनुदान वेळेत जमा झालं तर एका कुटुंबाचं त्या वर्षीचं कर्ज हलकं होतं. त्यामुळे यादीतला खाते क्रमांक बरोबर टाकणं हे कृषी विस्ताराचंच काम आहे, असं मी मानते.

पण त्या सगळ्या प्रपत्रांमध्ये आम्ही काय दिलं ते आहे. किती बियाणं वाटलं, किती हेक्टरवर प्रात्यक्षिक घेतलं, शेतीशाळेला किती जण आले, लक्ष्यांक किती आणि साध्य किती. शेतकऱ्याने काय विचारलं याचा रकाना मी भरलेल्या एकाही प्रपत्रात नव्हता.

हे प्रश्न येतात कधी, ते आधी सांगते. शेतकरी मुद्दाम सल्ला मागायला तालुक्याच्या कार्यालयात क्वचित येतो. तो येतो कागदासाठी. रोटाव्हेटरची पूर्वसंमती, फळबागेचं तिसऱ्या वर्षाचं अनुदान, विम्याची पावती. ते काम होतं, तो पिशवी उचलतो, दारापर्यंत जातो आणि वळून विचारतो, “मॅडम, सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?” एवढ्याशा वाक्यात माझ्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा असते. कारण पिवळं पडण्याची कारणं निदान चार आहेत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, जमीन चुनखडीची असेल, तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय, मुळांवर गाठी धरल्या आहेत का ते उपटून बघावं लागतं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले असतील तर पिवळा मोझॅक, आणि त्याचा प्रसार करणारी पांढरी माशी. आणि सखल भागातलंच तेवढं पिवळं असेल तर पाणी साचून मुळांचा श्वास कोंडलाय. पहिल्यात लोहाची फवारणी, तिसऱ्यात रोगट झाडं उपटून नष्ट करणं, चौथ्यात चर काढून पाण्याला वाट. चुकीचं औषध मारलं तर पैसे गेले आणि आठवडाही गेला.

त्यामुळे उलट विचारावं लागतं. कितव्या दिवसाचं आहे, कुठली पानं, रान कसलं, शेजाऱ्याचंही तसंच आहे का. या चार उलट प्रश्नांना जे उत्तर मिळतं, ती त्या गावाची त्या आठवड्यातली सगळ्यात ताजी पीकस्थिती असते. शेतकरी उत्तर घेऊन जातो. माहिती तिथेच हवेत विरते. दुसऱ्या दिवशी त्याच गावचा दुसरा माणूस तोच प्रश्न घेऊन माझ्या शेजारच्या टेबलाशी उभा राहतो. एकाच पट्ट्यातली तीन गावं एकच लक्षण सांगताहेत, हे आम्हाला दोघांनाही कळत नाही.

आपल्या खात्याला हे नवं नाही. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून खात्याने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या वारी जाऊन किडी मोजायच्या, आकडे पाठवायचे, कृषी विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी ते बघून सल्ला द्यायचा आणि तो गावात पोचवायचा. कापसात कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरायचं, हे आज बोंडअळीच्या पट्ट्यातल्या अनेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. अळी मोजायची पद्धत आपण बसवली, ती टिकवली. मी स्वतः निरीक्षणाला गेले तेव्हा एका मीटर ओळीत किती अळ्या हे मोजताना मनापासून अभिमान वाटला होता. पण क्रॉपसॅपमध्ये मोजली जाते ती आधी माहीत असलेली कीड. तिचं नाव प्रपत्रात छापलेलं असतं. जे अजून छापलेलं नाही, ते आधी शेतकऱ्याच्या तोंडून येतं.

२०२२ चं उदाहरण आपल्यासमोर आहे. त्या खरिपात लातूर, बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात कुरतडून टाकली. काहींना दुबार पेरणी करावी लागली, पंचनामे झाले, मदत द्यावी लागली. गोगलगाय हा कीटक नाही, त्यामुळे अळीचं औषध तिच्यावर चालत नाही. तिच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या लागतात, किंवा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेला टाकून त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. पहिल्या पावसाने ती सुप्तावस्थेतून बाहेर येते आणि थोड्या दिवसांत अंडी घालते, म्हणजे हाताशी असलेले दिवस थोडे. आमच्या तालुक्यात शेतकऱ्यांशी बोलताना अनेकांनी सांगितलं की बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, भाजीच्या वाफ्यात गोगलगायी वाढल्याचं त्यांनी आदल्या हंगामातच पाहिलं होतं. काहींनी विचारलंही होतं. कुणाला विचारलं, कधी, ते आता शोधता येणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही.

आता एका बाईंबद्दल सांगते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे प्रस्ताव आता तालुका कृषी अधिकारी कार्यालयातच दाखल होतात. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. सातबारा, मृत्यूचा दाखला, प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सहा-क ची वारस नोंद. ही फाइल लावायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असे. वीज पडणं, विहिरीत पाय घसरणं, सर्पदंश. फाइल लावताना शवविच्छेदन अहवाल वाचावा लागतो, नाव आणि तारीख सगळीकडे जुळते का बघावं लागतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात याची तयारी करून घेतलेली नव्हती, आणि कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते हेच की समोरच्या बाईंना एका कागदासाठी दोनदा यायला लावायचं नाही, सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्यायच्या. ही शिकवण मी जन्मभर सांभाळेन.

त्या बाई दिराबरोबर आल्या होत्या. मालक हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री गेले होते, साप चावला. कागद लावून झाले. दीर बाहेर झेरॉक्सला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, “त्यांनी घरात सोयाबीनचं बी राखून ठेवलंय. ते उगवंल का?” त्यांच्या त्या दिवशीच्या सगळ्या कामात हा एकच प्रश्न पुढच्या हंगामाचा होता. मी म्हटलं, मावशी, पुढच्या वेळी त्यातलं मूठभर आणा.

त्यांनी आणलं. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता निदान ७० टक्के लागते. ती घरी तपासायला पोतं आणि पाणी पुरतं. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब तेवढे मोजायचे. बाईंच्या बियाण्याचे ६४ निघाले. खात्याची शिफारस आहे की सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणं वाढवावं. म्हणजे तीसऐवजी तेहतीस किलो. बीजप्रक्रियेचा क्रमही त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक, आणि सावलीत सुकवायचं. सोयाबीनचं साल पातळ असतं, जोरात चोळू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

त्या हंगामात मी जे काही केलं त्यात हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आणि ते कुठल्याही अहवालात बसलं नाही. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, वारसाचा फेरफार व्हायचा होता, शेतकरी ओळख क्रमांक अजून निघालेला नव्हता. त्यामुळे त्या प्रात्यक्षिकाच्या लाभार्थी नाहीत, प्रशिक्षणाच्या हजेरीत नाहीत, बियाण्याच्या यादीत नाहीत. घरातला कर्ता गेल्यावर पहिल्यांदा स्वतः पेरणीचा निर्णय घेणाऱ्या बाया राज्यात किती आहेत, त्यांना नेमकं काय माहीत नसतं, त्या कुणाला विचारतात? आपल्या खात्याला हे कळायचा एकच मार्ग आहे. त्यांनी विचारलेलं लिहून ठेवणं.

दिरांनीही जाताना एक प्रश्न विचारला होता. “दिवसा लाईट दिली असती तर भाऊ रात्री गेला असता का?” हा प्रश्न कृषी खात्याचा नाही, असं म्हणता येईल. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू आहे, हेही खरं. पण सानुग्रह अनुदानाची फाइल कृषी खात्याकडे येते, मृत्यूचं कारण आणि वेळ त्या फाइलमध्ये असते. रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस दगावला, असं एका तालुक्यातून वर्षात किती वेळा सांगितलं गेलं, ते खात्याने लिहून वीज कंपनीपुढे ठेवलं तर त्या आकड्याला वजन येईल. एकट्या दिराच्या बोलण्याला ते येत नाही.

गावातल्या कामाबद्दलही थोडं लिहिते. सहायक कृषी अधिकाऱ्यांबरोबर, ज्यांना गावात अजून कृषी सहायकच म्हणतात, मी बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकांना जात असे. माणसं पारावर जमतात, सह्या होतात, अक्षांश-रेखांशासह फोटो निघतो. बियाणं निवडतं कोण, त्याला औषध चोळतं कोण? बहुतेक घरांत बाया. त्या मागे, ओसरीच्या कडेला उभ्या असतात आणि कार्यक्रम संपल्यावर विचारतात. “तिन्ही औषधं एकदमच कालवली तर चालतंय का?” हा बीजप्रक्रियेवरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. एकदम कालवलं तर बुरशीनाशकामुळे जिवाणू मरतात आणि संवर्धकाचे पैसे वाया जातात. हा प्रश्न मी गावोगाव ऐकला. म्हणजे आपल्या घडीपत्रिकेत क्रम छापलेला आहे, पण तो का पाळायचा हे पोचलेलं नाही. प्रश्न मोजले असते तर पुढच्या वर्षीची घडीपत्रिका बदलली असती.

पीक कापणी प्रयोगाचंही तसंच. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा गेला, आणि भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनावर ठरू लागली. सोयाबीनचा प्लॉट दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे ५० चौरस मीटर. तिथे निघालेल्या प्रत्येक किलोचे हेक्टरी दोन क्विंटल होतात. दोरी अर्धा हात इकडे-तिकडे झाली, मळणीत थोडे दाणे सांडले, तर अख्ख्या महसूल मंडळाच्या भरपाईवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ते काम करताना हात थरथरतो, आणि थरथरलाच पाहिजे. प्लॉट टाकताना गोळा झालेले शेतकरी हमखास विचारतात, “एवढ्याशा तुकड्यावरून आख्ख्या मंडळाचं कसं ठरवता?” प्रश्न रास्त आहे. यादृच्छिक निवड म्हणजे काय, तो तुकडा आमच्या मर्जीने का निवडता येत नाही, हे शांतपणे सांगितलं तर माणसं ऐकतात. मी सांगितलं आहे, आणि ऐकल्यावर त्याच लोकांनी दोरी ताणून धरायला मदत केली आहे. या उत्तराचं एक पान सोप्या मराठीत छापून प्रत्येक प्रयोगाच्या वेळी वाचून दाखवलं, तर विम्यावरचा निम्मा संशय गावातच मिटेल.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीबद्दल मी फार लिहीत नाही. त्यावर खूप लिहिलं गेलं आहे. एवढंच सांगते की ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान आहे की नाही हे पाण्यात उभं राहून ठरवताना माझ्याबरोबरचे सहायक कृषी अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी रात्री उशिरापर्यंत काम करत होते. आणि त्या दिवसांत लोक मदतीच्या रकमेइतकंच आणखी एक विचारत होते. माती खरवडून गेली, आता हरभरा येईल का? गाळ बसलाय, नांगरू की तसंच ठेवू? त्याचं उत्तर रानागणिक वेगळं आहे. ते देण्याइतका वेळ पंचनाम्याच्या घाईत कुणाकडे नव्हता.

आपल्या राज्याने ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना राबवली होती. जागतिक बँकेचे डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली ती पद्धत. कार्यकर्त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात जायचं, पंधरवड्याला स्वतः प्रशिक्षण घ्यायचं, आणि शेतकऱ्यांच्या अडचणी वर विषयतज्ज्ञांपर्यंत न्यायच्या. तिच्यात दोष होते. सगळीकडे एकच संदेश उतरवण्याची तिची सवय कोरडवाहू भागाला मानवली नाही. पण प्रश्न वर नेणं हा तिच्या रचनेचा भाग होता, आणि ती बंद झाल्यावर तोच भाग सगळ्यात आधी गळाला. हे मी माझ्या वरिष्ठांकडून ऐकलं आहे, आणि आजची प्रपत्रं पाहिल्यावर मला ते पटतं.

आज फोनवर विचारलेला प्रश्न नोंदला जातो. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. २०२५ मध्ये राज्याने महाविस्तार हे ॲप आणलं, त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतो. मला ते ॲप आवडलं. मी ते अनेकांच्या मोबाइलवर उतरवून दिलं. पण ज्या मावशींनी मुठीत बियाणं आणलं त्या ॲपला विचारणार नव्हत्या. त्यांनी दीर बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली होती. यंत्राकडे येणारे प्रश्न हे यंत्र हाताळणाऱ्यांचे प्रश्न असतात, आणि यंत्राला शिकवायचं असेल तरी दारात उभं राहून विचारलेले प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला हवेत.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. आणखी एक वही, आणखी एक अहवाल. सहायक कृषी अधिकाऱ्यांवर आधीच बोजा आहे. एकेकाकडे अनेक गावं, स्वतःचा मोबाइल, स्वतःचं इंटरनेट, स्वतःची गाडी. मे २०२५ मध्ये त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा लॅपटॉप ही त्यातली एक मागणी होती. त्यांच्यावर नवं काम लादा असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणून माझी सूचना दोन भागांची आहे. एकाच माहितीची जी प्रपत्रं आज दोन-दोन, तीन-तीन नमुन्यांत मागवली जातात, त्यातलं निदान एक कमी करा. आणि प्रश्नवही लिहायचं काम प्रशिक्षणार्थींकडे द्या.

प्रशिक्षणार्थी उपलब्ध आहेत. मी ज्या योजनेतून आले तिच्यात पदवीधराला महिन्याला दहा हजार रुपये विद्यावेतन मिळत होतं. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढे ती वाढली. मुदत संपली की प्रशिक्षणार्थी जातो आणि त्याला जे कळलं तेही त्याच्याबरोबर जातं. वही असेल तर ते मागे राहील. शिवाय राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून माती परीक्षणाचं, कलम करण्याचं, बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक दाखवतात. मीही दाखवलं आहे. विद्यापीठांनी त्यांच्या गुणांतला थोडा भाग गावातून नोंदवलेल्या प्रश्नांना दिला, तर दर हंगामात राज्यभरातून हजारो प्रश्न गोळा होतील, आणि वर्गात शिकवताना प्राध्यापकांनाही ते कामी येतील.

मी माझ्यापुरती एक वही ठेवली होती. तिच्यातले काही प्रश्न इथे देते, कारण कुठल्या प्रकारचं ज्ञान वाया जातंय ते त्यावरून आपल्याला लगेच कळेल. तणनाशक मारल्यावर तासाभरात पाऊस आला, परत मारू का? डीएपी मिळेना, त्याच्याऐवजी काय टाकू आणि किती? शेजाऱ्याने ज्वारीत टू-फोर-डी तणनाशक मारलं, माझ्या कापसाची पानं वाकडी झाली, कुणाकडे जाऊ? हरणं कोंब खाऊन टाकतात, कुंपणाला योजना आहे का? फवारून आलं की डोकं गरगरतं, ताक प्यावं का? हा शेवटचा प्रश्न ऐकल्यावर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने गेलेली माणसं आठवल्याशिवाय राहत नाहीत. एखाद्या गावातून एका आठवड्यात हा प्रश्न तीनदा आला, तर त्या गावात दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोचलं पाहिजे. कुठलं औषध, कशात मिसळलं, कुठल्या दुकानातून घेतलं, हे गुण नियंत्रण निरीक्षकाने त्याच दिवशी तपासलं पाहिजे. आज ते होण्यासाठी आधी कुणीतरी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

वहीचा नमुना मी एका पानाचा केला आहे आणि तो या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवते आहे. तारीख, गाव, पीक आणि ते कितव्या दिवसाचं आहे. विचारणारा पुरुष की स्त्री, एवढंच. नाव नको, आधार नको, सातबारा नको, म्हणजे ज्यांच्या नावावर काही नाही तेही त्यात येतील. प्रश्न शेतकऱ्याच्याच शब्दांत. काय उत्तर दिलं. आणि शेवटचा रकाना, उत्तर देता आलं नाही तर कुणाकडे पाठवलं. हा शेवटचा रकाना भरल्याबद्दल कुणालाही कारणे दाखवा नोटीस येता कामा नये, एवढी हमी आपल्या परिपत्रकात हवी. नाहीतर तो रिकामाच राहील.

दर महिन्याला तालुक्याने त्यातले वारंवार आलेले आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न वेगळे काढावेत. ते जिल्ह्याच्या मासिक चर्चासत्रात विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसमोर ठेवावेत, आणि वर्षाचा गोषवारा चार विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या (ॲग्रेस्को) बैठकीत मांडावा. तिथे शिफारशी मंजूर होतात. त्या शिफारशींच्या शेजारी त्या वर्षीचे प्रश्नही असावेत.

सगळ्या राज्यात ही वही एकदम सुरू करायला नको. प्रत्येक विभागातला एक तालुका एका रब्बीपुरता निवडा, आणि उन्हाळ्यात त्या वह्या आपण स्वतः वाचा. आमच्या तालुक्याला निवडलं तर मी नव्या प्रशिक्षणार्थींना वही कशी लिहायची ते दाखवायला येईन. त्यासाठी मला मानधन नको.

आपली विश्वासू,
एक कृषी पदवीधर, माजी कार्य प्रशिक्षणार्थी